जैसलमेरच्या अलीकडे

"उजवीकडे बघ, शालन. पवनचक्क्या," मी म्हणालो आणि गाडीचा वेग जरा कमी केला. "शंभराच्या वर असतील. अशा वेळी पाती दिसत नाहीत, नुसते लाल दिवे दिसतात."

डिसेंबर संपत आला होता. बाडमेरहून जैसलमेरला जाणारा रस्ता दोरी ताणल्यासारखा सरळ. पूर्वेला नुकतं फटफटू लागलं होतं. समोरची काच आतून धुरकट होत होती आणि मी एका हाताने तिच्यावर फडकं मारत होतो. अंगात स्वेटर, वर कोट, कानाला मफलर, तरी स्टिअरिंगवरची बोटं आखडून गेली होती.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. विट्याच्या हायस्कुलात मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. सगळा देश फळ्यावर काढून दाखवला, डोळ्यांनी मात्र फारसा बघितला नव्हता. निवृत्त झालो आणि एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. कोल्हापूरच्या एका गॅरेजात चार महिने खेटे घालून तिचं घर करून घेतलं. मागे आडवा पलंग, त्याच्या अलीकडे गॅसची शेगडी, छोटं बेसिन, टपावर पाण्याची टाकी. ड्रायव्हरच्या मागे प्लायवूडची भिंत, म्हणजे पुढची थंडी मागे जाऊ नये. त्या भिंतीत खिडकीएवढी मोकळी जागा ठेवली होती आणि तिच्यावर जाड पडदा. विट्यात लोक तिला ऐनापुरे सरांची घरगाडी म्हणायचे. पासष्ट दिवसांचा बेत होता. गुजरात, कच्छ, मग राजस्थान. रोज कुठे पोचायचं, काय बघायचं, मुक्काम कुठे, सगळं टाइप करून मी कपाटाच्या दारावर चिकटवलं होतं. तो सदतिसावा दिवस होता.

शालन, माझी बायको, मुळातच कमी बोलणारी. लवकर निघायचं असलं की ती मागे पांघरुणात पडून राहायची आणि मी गाडी चालवता चालवता बोलायचो. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची मला सवय होती. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचावं लागायचं ना.

त्या सकाळी मी तिला पवनचक्क्यांचं सांगितलं. मग जैसलमेरच्या पिवळ्या दगडाचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या गाळाचा तो दगड, ओला असला की मऊ लागतो, म्हणून कारागिरांना त्यावर एवढी नक्षी काढता आली. किल्ल्यावर पहिलं ऊन पडताना बघायचं म्हणून आपण सहालाच निघालो, हेही सांगितलं. मध्ये एकदा घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागितलं. एरवी पडद्यातून तिचा हात बाटली घेऊन यायचा. तो आला नाही. मी म्हटलं, झोपली असेल, झोपू दे. आणि पुढे बोलत राहिलो.

गाडीत राहणं तिला जड जात होतं, हे मला अगदीच दिसत नव्हतं असं नाही. पलंग अरुंद, पाठ धरायची. सकाळी टाकीतलं पाणी इतकं गार की पीठ मळताना तिची बोटं लाल व्हायची. कपडे वाळत घालायला गाडीच्या आरशापासून बाभळीपर्यंत दोरी बांधायची आणि दोन तासांत ती सोडायची, कारण पुढे निघायचं असायचं. गाडीत संडासाची सोय होती, पण तिची टाकी साफ करायचा कंटाळा म्हणून मी त्यात घडीच्या खुर्च्या आणि हत्यारांची पेटी ठेवून दिली होती. पेट्रोल पंपावर, ढाब्यावर सोय असतेच, असं माझं म्हणणं. यातल्या कशाबद्दलही तिने कधी कुरकूर केली नाही. निदान माझ्या कानावर आली नाही.

आदल्या संध्याकाळी आम्ही शिव गावाच्या पुढे, खेताराम नावाच्या माणसाच्या ढाब्याच्या आवारात गाडी लावली होती. खेताराम चाळिशीचा, उंच, बोलायला मऊ. घर ढाब्याच्या मागेच होतं. त्याची आई शालनला हाताला धरून चुलीपाशी घेऊन गेली आणि दोघी बराच वेळ तिथे बसल्या. मी गाडीत नकाशा बघत होतो.

सूर्य वर आला तेव्हा मी ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आलो होतो. एका चढावर आलो आणि समोर क्षितिजावर किल्ला उभा राहिला. फळ्यावर चित्र काढावं तसा, बुरुजांच्या गोलाईसकट. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"शालन, ऊठ. हे झोपून घालवायचं नाही," मी म्हणालो आणि मागे वळून पडदा सरकवला.

पलंगावर दोन रजया होत्या. एक घडी घातलेली, एक अर्धवट सरकवलेली. उशीवर खळगा होता. शेगडीजवळच्या फळीवर तिचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता आणि त्याचा बारका हिरवा दिवा चालू होता.

मी खाली उतरलो, बाजूचं दार उघडून आत गेलो. सहा पावलांची ती गाडी, तिच्यात माणूस लपणार तरी कुठे? तरी मी संडासाचं दार उघडून बघितलं. खुर्च्या होत्या. मग गाडीच्या मागे गेलो, रस्त्यावर आलो आणि आलो त्या दिशेला बघत उभा राहिलो. का, ते सांगता येणार नाही. चालत येताना दिसेल असं वाटलं असावं.

सकाळी काय झालं ते मग हळूहळू जुळलं. साडेपाचला उठून मी ढाब्यावर चहा घ्यायला गेलो. टायर बघितले, काच पुसली आणि पुढच्या दाराने थेट सीटवर बसलो. मधल्या वेळात ती उठून ढाब्यामागे गेली असणार. दार तिने ओढून घेतलं असणार, थंडी आत जाऊ नये म्हणून. मी किल्ली फिरवली आणि निघालो.

गाडी वळवली. येताना जो रस्ता मला सरळ वाटला होता तो आता संपेचना. डोक्यात नाही नाही ते येत होतं. अंधारात गाडीमागे धावली असेल, पडली असेल. ट्रकवाल्यांचा रस्ता. थंडीत उघड्यावर साठीची बाई, अंगावर नुसती शाल. खेतारामचा नंबर माझ्याकडे नव्हता. माझ्या मोबाइलला मधूनच रेंज यायची, पण त्यावर कुणाचाही फोन आलेला नव्हता. हे मात्र चमत्कारिक वाटत होतं. शालनला नंबर पाठ असतात. आमच्या घरातले, तिच्या माहेरचे, दूधवाल्याचा, गॅसवाल्याचा. डायरी तिने कधी वापरली नाही. मी कुणाचा नंबर शोधत बसलो की ती भाजी चिरता चिरता सांगायची.

ढाब्यावर पोचलो तेव्हा पावणेदहा झाले असतील. खेताराम पुढेच उभा होता. तो रागावलेला नव्हता, पण माझ्याकडे नीट बघतही नव्हता. त्याने हिंदीत सांगितलं की तुम्ही गाडी काढलीत तेव्हा माताजी, म्हणजे शालन, मागच्या अंगणात होत्या. त्या आल्या तेव्हा तुमचे मागचे दिवे दिसत होते. त्या ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. मी मोटारसायकल काढतो म्हटलं, तर नको म्हणाल्या.

"मग फोन?" मी विचारलं.

"मैंने अपना फोन दिया था," खेताराम म्हणाला. "माताजी बोलीं, नंबर याद नहीं."

शालन मागच्या अंगणात उन्हात खाटेवर बसली होती. अंगावर खेतारामच्या आईची जाड, काळी लोकरी ओढणी होती. समोर परातीत मटार होते आणि दोघी ते सोलत होत्या. आणि शालन बोलत होती. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, हातवारे करून. म्हातारी मान हलवत होती, मध्येच काहीतरी विचारत होती, आणि शालन परत पहिल्यापासून समजावून सांगत होती. तिला इतकं सलग बोलताना मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. मला बघितलं आणि ती गप्प झाली.

म्हातारी परात घेऊन आत गेली.

मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलो. चुकलं माझं, असं म्हणालो. अंधार होता, पडदा होता, तू झोपलीयस असं वाटलं. ती ऐकत होती. मग मी विचारलं, "नंबर आठवत नव्हता?"

"आठवत होता."

"मग?"

ती शेंगांची सालं गोळा करत राहिली. "बघत होते," ती म्हणाली. "किती लांब जाता ते."

मी खाली सांडलेली सालं उचलून तिच्या ढिगात टाकली.

"कुठे कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"किल्ला दिसला तिथे. जैसलमेरच्या अलीकडे."

"म्हणजे किल्ला दाखवायला पडदा सरकवलात."

"हो."

"तोपर्यंत गप्प होतात?"

"नाही," मी म्हणालो. "बोलत होतो."

"काय?"

मी सांगितलं. पवनचक्क्या, दगड, जुना समुद्र. सांगताना माझा आवाज माझ्याच कानाला विचित्र लागत होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे विचारलं,

"मग मी काय म्हणाले?"

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. ढाब्यावर कुणीतरी ट्रक सुरू केला आणि तो निघून गेला.

"बरं, हे राहू दे," ती म्हणाली. "भुजला मी तुम्हाला काय म्हणाले होते?"

भुज मला आठवत होतं. आरसेमहाल, तलाव, भूकंपानंतर नव्याने वसवलेली पेठ. शालन तलावाच्या काठावर फोन घेऊन उभी होती, हेही आठवलं. तिथून ती माझ्याकडे आली आणि काहीतरी बोलली. मी त्या वेळी तिला भूकंपाच्या पट्ट्याबद्दल सांगत होतो.

"नाही आठवत," मी म्हणालो.

"उदयचा फोन आला होता मिरजेहून. अक्काने खाणं सोडलंय. शालनला बोलवा, मला तिच्याशी बोलायचंय, एवढंच म्हणते सारखी." अक्का म्हणजे शालनची थोरली बहीण. शालन पाच वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून तिला वाढवली ती अक्काने. उदय अक्काचा मुलगा. "मी तुम्हाला म्हटलं, आपण परत फिरू. तुम्ही म्हणालात, हो हो, बघू. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी गाडी वळवाल. तुम्ही धोलावीराला नेलीत. तिथे परत सांगितलं. तुम्ही म्हणालात, बघ, पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी पाण्याचं काय नियोजन केलं होतं."

"शालन, मला खरंच..."

"ऐकू आलं नाही. माहितीय मला." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "परवा बाडमेरला तिसऱ्यांदा सांगितलं. भुजपासून आज नऊ दिवस झाले."

मग तिने सांगितलं की अकरा वाजता बाडमेरला जाणारी बस इथे थांबते. तोवर मी आलो नसतो तर ती त्या बसने निघणार होती. खेताराम बाडमेरपर्यंत बरोबर येऊन तिला रेल्वेत बसवून देणार होता. त्याच्या आईने वाटेसाठी भाकरी बांधून ठेवल्या होत्या.

"आणि मी आलो असतो, तू गेली असतीस, तर?"

"खेताराम परत आल्यावर सांगणार होता," ती म्हणाली. "त्याचं तरी ऐकलं असतंत."

आम्ही सव्वादहाला निघालो. ती पुढे माझ्याशेजारी बसली. सदतीस दिवसांत पहिल्यांदा. पुढच्या त्या सीटवर मी नकाशे, दुर्बीण आणि पुस्तकांची पिशवी ठेवायचो. ती सगळी मी मागे पलंगावर टाकली. बाडमेरच्या अलीकडे तिने उदयला फोन लावला आणि निघालोय म्हणून सांगितलं. अक्काच्या कानाला फोन धरला असणार, कारण शालन म्हणाली, "अक्का, तीन दिवस. तीनच दिवस कळ काढ. बोलू नकोस आता, दम लागतोय तुला. आल्यावर सगळं सांग." फोन ठेवल्यावर तिने चेहऱ्यावरून पदर फिरवला आणि रस्त्याकडे बघत बसली.

तीन दिवसांत मी क्वचितच बोललो. बोलण्यासारखं पुष्कळ दिसत होतं. अरवलीच्या टेकड्या लागल्या, पालनपूर गेलं, नर्मदा ओलांडली. दर वेळी तोंड उघडलं की तिचा प्रश्न आठवायचा आणि मी गप्प बसायचो. ती काहीतरी बोलेल म्हणून वाट बघायचो. तीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भरूचच्या पुढे एका पेट्रोल पंपावर तिने पिठलं केलं, बांधून दिलेल्या भाकऱ्यांतली शेवटची माझ्या ताटात वाढली आणि म्हणाली, "जेवा, गाडी चालवायचीय." एवढंच. पाठ धरली होती तिची, बसताना हात टेकून बसत होती. मी विचारलं, फार दुखतंय का. ती म्हणाली, पहिल्या आठवड्यापासून दुखतंय.

मिरजेला पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. घरगाडी त्या बोळात जाईना, म्हणून मी ती कोपऱ्यावर लावली. शालन थांबली नाही, चपला हातात घेऊन पळाल्यासारखी पुढे गेली. उदय दारात उभा होता. त्याने मावशीला आत जाऊ दिलं आणि मला पायरीवरच थांबवलं.

"काका, परवा सकाळपर्यंत बोलत होती," तो म्हणाला. "दुपारी झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा बंद झाली. तुम्ही गाडी चालवत होता म्हणून फोनवर बोललो नाही."

मी परवाचा हिशेब केला. परवा सकाळी मी जैसलमेरच्या अलीकडे होतो. त्याच्याआधीचे नऊ दिवस अक्का बोलत होती.

आत अक्का खिडकीजवळच्या पलंगावर होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र जागे. शालन तिच्या उशाशी बसली होती, तिचा डावा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून. रडत नव्हती. मी दारातूनच परत फिरलो.

अक्का त्यानंतर अकरा दिवस होती. डॉक्टर रोज येऊन बघून जायचे, दवाखान्यात न्यायची आता गरज नाही म्हणायचे. मी बाहेरच्या खोलीत उदयच्या कॉटवर पडून असायचो, बाजारातून काय हवं नको ते आणून द्यायचो. आणि आतून दिवसभर शालनचा आवाज यायचा. ती अक्काशी बोलायची. लहानपणचं घर, कुंडल रोडवरची विहीर, अक्काच्या लग्नात तिला आलेला ताप, आमच्या घरात ती नवी आली तेव्हाचे दिवस. मला त्यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. पहिले दोन दिवस वाटलं, बिचारी आपल्या मनाच्या समाधानासाठी बोलतेय. नंतर लक्षात आलं की ती मध्येमध्ये थांबते. बराच वेळ थांबते. मग म्हणते, "नाही गं, ते नाही, त्याच्या आधीचं," किंवा "हो, तसंच झालं होतं," आणि पुन्हा सांगू लागते.

सातव्या की आठव्या दिवशी जेवणं खोळंबली होती. उदयची बायको म्हणाली, मावशींना बोलवा, सकाळपासून त्यांच्या पोटात काही नाही. मी आत गेलो. शालन पलंगाच्या कडेवर वाकून बसली होती, तिचं तोंड अक्काच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. खोलीत कसलाही आवाज नव्हता. अक्काचे ओठ हलत नव्हते. तिची डावी मूठ शालनच्या तळहातात होती. त्या मुठीचं एक बोट हळूच हललं, थांबलं, परत हललं.

"शालन, जेवायला..."

तिने माझ्याकडे न बघता हात वर केला.

"थांबा जरा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "अक्का बोलतेय."

मी तिथेच, उंबऱ्यावर खाली बसलो.